काडतुसाचा जमाखर्च

शिकारकथेत तीन पात्रं असतात. वाघ, शिकारी आणि काडतूस. त्यातला वाघ मरतो, शिकारी गोष्ट सांगायला उरतो आणि ज्यानं खरं काम केलं त्या काडतुसाची बोळवण एका वाक्यात होते : "मी चाप ओढला." संपलं! नफा झाला की अहवालात चेअरमनसाहेबांचा फोटो यावा आणि काउंटरवरच्या कारकुनाचं नावसुद्धा येऊ नये, तशातलीच ही गत. मी स्वतः गेली वीस-बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसत असल्यामुळे काडतुसाविषयी मला एक प्रकारचा बंधुभाव वाटतो. तेव्हा हा लेख काडतुसाच्या बाजूनं आणि शिकाऱ्याच्या विरुद्ध आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मागाहून तक्रार चालणार नाही.

आता आमच्या गावात राहून असलं काही लिहिणं म्हणजे पंढरपुरात राहून एकादशीविरुद्ध बोलण्यासारखं आहे. आमचं नगर (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एस.टी.च्या रांगेत अजून नगरच) हे दारूच्या वासावर वाढलेलं गाव आहे. दारू म्हणजे तोफेची. दुसरीबद्दल मी बोलत नाही. भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्याला आपण ज्या मुलूखमैदान तोफेची उपमा देतो, ती तोफ १५४९ साली नगरलाच ओतली गेली. आज ती विजापुरात आहे. पुढाऱ्यांची वाण मात्र आम्हांला कधी पडली नाही. १८०३ साली वेलस्लीसाहेबानं इथलाच भुईकोट घेतला. आज इथं रणगाड्यांचं मोठं केंद्र आहे, १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि गल्लीगल्लीत एक तरी निवृत्त फौजी आहे. ही मंडळी बंदुकीबद्दल फार कमी बोलतात. ज्यांनी ती खरोखर चालवली त्यांना तिच्याबद्दल बोलायची हौस नसते.

बोलतात ते दुसरेच. प्रत्येक गल्लीत एक मामा असतात. त्यांच्या आजोबांकडे, चुलत आजोबांकडे किंवा आजोबांच्या ओळखीच्या सरदाराकडे एक बंदूक असते. "एका काडतुसात, बरं का, एका काडतुसात लोळवला!" असं म्हणून मामा पानाची पिंक टाकतात. पूर्वी हे ऐकून घ्यायला काही वाटत नसे. कोणाच्या आजोबांनी वाघ मारला म्हणून आपल्या खिशातून काय जातं? परंतु हल्ली या गोष्टीला एक शेपूट फुटलं आहे. बिबट्या उसात शिरला, वासरू नेलं, कुठं माणसावर झडप घातली, अशी बातमी आली की मामा वर्तमानपत्र आपटतात आणि म्हणतात, "शिकारी संपले म्हणून ही वेळ आली! द्या लोकांच्या हातात बंदुका. दोन काडतुसांचं काम आहे!"

हे 'दोन काडतुसांचं काम' माझ्या डोक्यात बसलं. मी कॉमर्सचा माणूस. कोणी आकडा सांगितला की त्याचं व्हाउचर बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून म्हटलं, एकदा या काडतुसाचं खातं उघडून बघू.

काडतूस हा शब्दच मुळी परका. तो पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि त्याच्या मुळाशी आहे कागद! पहिली काडतुसं म्हणजे कागदाची पुरचुंडी. एका बाराला लागणारी दारू आणि गोळी मोजून कागदात गुंडाळायची. सराफ जसे मणी गुंडाळून देतात, तशी. शाळेत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला आपण जो जाडसर 'कार्ट्रिज पेपर' न्यायचो, तो या पुरचुंडीचाच नातेवाईक. ज्या कागदात मरण बांधायचं त्याच्यावर आम्ही फुलदाणी आणि दोन वांगी काढली. संस्कृती म्हणतात ती बहुधा हीच.

आता खऱ्या ठासणीच्या बंदुकीची पद्धत बघा. दारू मोजून नळीत ओता, वरून चिंधी किंवा कागदाचा बोळा, मग गोळी, मग गजानं ठासा, मग मागच्या बाजूला टोपी बसवा, घोडा ओढा, नेम धरा. एवढं सगळं आवरेपर्यंत वाघानं मनात आणलं असतं तर तो अंघोळ करून आला असता. बार निघाला की धूर असा, की समोर वाघ पडलाय की वाघ येतोय, हे धूर विरल्याशिवाय कळायचं नाही. नेम चुकला तर दुसऱ्या बारासाठी पुन्हा पहिल्यापासून किर्द लिहायची. अशा बंदुकीनं ज्यानं वाघ मारला असेल त्याला माझा नमस्कार. त्याच्या पराक्रमाच्या खात्यावर मी बिनतक्रार सही करतो.

पण पुढं काय झालं? १८१२ साली सॅम्युएल पॉली नावाच्या स्विस बंदूकवाल्यानं पॅरिसमध्ये दारू, गोळी आणि पेटवायची सोय, सगळं एकाच नगात बसवलं. १८६६ च्या सुमारास इंग्रजी फौजेत कर्नल बॉक्सरचं पितळी काडतूस आलं. त्याच्या बुडाशी एक बारीक टोपी. दिवाळीत पोरं टिकल्या फोडतात ना, तीच युक्ती. टिकलीवर टोला पडला की आतली दारू पेटते. पाऊस आला, थंडी आली, काही बिघडत नाही. मागून घाला आणि ओढा. मग १८८४ मध्ये पॉल व्हिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं बिनधुराची दारू काढली आणि १८८९ मध्ये इंग्रजांनी 'कॉर्डाइट' केलं. ही दारू कशी, तर शेवयांसारखी. काडतुसाच्या पोटात शेवयांची जुडी उभी भरलेली. अशा काडतुसाची पहिल्या महायुद्धातली गोळी सेकंदाला सातशे मीटरहून अधिक धावायची. म्हणजे आवाज कानावर पडायच्या आत गोळी अंगात! हरणानं मान वर करायची तीसुद्धा सवड नाही.

आता या प्रगतीपुढं शिकाऱ्याची प्रगती मांडा. काडतूस सुधारत गेलं तसा शिकारी मागं मागं सरकत गेला. आधी जमिनीवर होता तो मचाणावर चढला. मग हत्तीच्या पाठीवर बसला. मग जीपमध्ये बसला. मग जीपला झगझगीत दिवा लावला. हाका घालायला गावचे शंभर लोक, खाली आमिष म्हणून बांधलेला हल्या, वर थर्मासमधला चहा आणि मांडीवर हे रसायनशास्त्राचं पुडकं! धोका घ्यायचा हाकाऱ्यांनी, जीव द्यायचा हल्यानं, काम करायचं काडतुसानं आणि मिशीवर ताव मारायचा मामांच्या आजोबांनी. याला आमच्याकडे दुसऱ्याच्या खात्यावरची रक्कम उचलणं म्हणतात. त्याबद्दल चौकशी लागते.

माझा पहिला आरोप हा. शिकाऱ्याचा म्हणून सांगितला जाणारा पराक्रम बराचसा पॅरिसच्या प्रयोगशाळेतला आहे.

दुसरा आरोप आकड्यांचा. शिकारी मंडळी आकडे असे फेकतात की समोरच्यानं दबूनच जावं. "बारा बोअर होती रे!" बारा म्हणजे काय, विचारलं तर मामा पान लावायला घेतात. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्या नळीत बरोबर बसेल, ती बंदूक. म्हणून वीस बोअर ही बारापेक्षा लहान. जितका आकडा मोठा तितका माल लहान, हे तत्त्व मला निवडणुकीच्या जाहीरनाम्यांमुळे लगेच समजलं. दुसरी प्रसिद्ध 'थ्री नॉट थ्री'. १८८८ सालची. नळीचं भोक ०.३०३ इंचाचं म्हणून हे नाव. पण तिच्यातली गोळी असते ०.३११ इंचाची! नाव एक, माप दुसरं. आमच्याकडे असा फरक आला असता तर तेरीज जुळेपर्यंत कोणाला घरी सोडलं नसतं.

आणि सरकारी नियम कसे शिकाऱ्यांचं पोट भरतात, तेही बघा. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात ०.४५० इंची रायफली आणायला बंदी केली. कारण हे, की फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या. त्या बंडखोरांच्या हाती लागल्या होत्या आणि शिकारी काडतुसातल्या गोळ्या त्यांना उपयोगी पडतील अशी भीती होती. आता कारकुनी बुद्धीनं विचार करा. ०.४५० ला बंदी आहे ना? मग ०.४७० काढा! विलायतेतल्या कारखान्यांनी ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशी नवी काडतुसांची रांगच लावली. ज्या काडतुसांच्या नावानं पुढं शिकाऱ्यांनी आरत्या ओवाळल्या, ती परिपत्रकातून पळवाट काढण्यासाठी जन्मलेली आहेत. स्वराज्यात तरी काय झालं? फौजेच्या मापाची काडतुसं सामान्य परवानेदाराला मना. म्हणून ऑस्ट्रियाच्या एका जुन्या काडतुसाच्या बैठकीवरची 'तीनशे पंधरा' बोअर सरकारी कारखान्यानं बनवली आणि ती गावोगाव पोचली. त्याच सरकारी कारखान्यांच्या बारा बोअरच्या काडतुसाचं नाव तर 'शक्तिमान'. टीव्हीवर लाल कपडे घालून गरगर फिरणारा शक्तिमान १९९७ चा. हा त्याच्याही आधीचा, आणि याला गरगर फिरायची गरज पडत नाही.

याच सदरात सत्तावन्नची नोंद करायला हवी. एन्फिल्ड रायफलीचं कागदी काडतूस दातानं फोडायचं. त्याच्या कागदाला वंगण. वंगणाला चरबी. कुठल्या जनावराची, याची नीट चौकशी कंपनी सरकारनं केली नाही. कंत्राटात एक ओळ कमी पडली, आणि २९ मार्च १८५७ ला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला. पुढं काय झालं ते शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. एका काडतुसाच्या वेष्टणानं कंपनीचं राज्य गेलं आणि राणीचं आलं. तेव्हा 'काडतूस म्हणजे काय, दोन आण्यांची गोष्ट' असं मामांनी मला सांगू नये.

तिसरा आरोप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिकारीत काडतूस निवडताना सावज बघतात. तितर, लावा, ससा असेल तर बारीक छऱ्यांचं. बिबट्या जवळून मारायचा तर जाड छऱ्यांचं, ज्याला आपल्याकडे 'एल.जी.' म्हणतात. गवा किंवा हत्ती असेल तर अखंड टणक कवचाची गोळी, कारण जाड कातड्यातून आणि हाडातून ती सरळ आत जायला हवी. आणि वाघ, हरीण यांच्यासाठी मऊ तोंडाची गोळी. ही अंगात शिरली की पुढून फुलते, छत्रीसारखी पसरते आणि आतलं सगळं फाडते. ही युक्ती आपल्याच देशात फौजेसाठी वापरली गेली. कलकत्त्याजवळ डमडमला इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. तिथं १८९६-९७ च्या सुमारास कॅप्टन बर्टी-क्ले या अधिकाऱ्यानं थ्री नॉट थ्रीच्या गोळीचं टोक उघडं ठेवलं. सरहद्दीवरचे पठाण साध्या गोळीनं थांबत नाहीत, ही तक्रार होती. त्या गोळीला जगभर 'डमडम' म्हणतात. आपल्या एका उपनगराचं नाव जगाच्या कोशात गेलं ते असं!

ती गोळी इतकी क्रूर ठरली की १८९९ साली हेगला राष्ट्रं जमली आणि त्यांनी जाहीर केलं की युद्धात असली फुलणारी गोळी वापरायची नाही. माणसाला असं मारणं माणुसकीला धरून नाही. छान झालं. पण तीच मऊ तोंडाची गोळी शिकारीत आजही उत्तम समजली जाते. शिकारी सांगतात, जनावर तडफडत नाही, लवकर सुटतं. असेलही. मला त्यातलं शास्त्र नाकारायचं नाही. टणक गोळी आरपार जाऊन जखमी हरीण चार दिवस काट्यांत कुजत पडावं, त्यापेक्षा हे बरं, हेही मान्य. मी फक्त एवढंच विचारतो की जी गोळी शत्रूवर झाडणंसुद्धा पाप ठरलं, ती ज्याच्याशी आपलं शत्रुत्वच नव्हतं त्याच्यावर झाडताना तरी ती मर्दुमकीची गोष्ट म्हणून सांगू नका. खाटीकसुद्धा लवकरच मारतो. पण तो बोकडाचं मुंडकं दिवाणखान्यात टांगून त्याखाली पाहुण्यांना चहा देत नाही.

आता चौथा आणि मुख्य आरोप, ज्यासाठी मी कॉमर्सची पदवी घेतली असं मला आता वाटू लागलं आहे. शिकारी मंडळी एकेरी नोंदीनं वही ठेवतात! दुहेरी नोंदीचा नियम शाळेतल्या पोराला ठाऊक आहे. एक रक्कम जमेला गेली की तेवढीच कुठंतरी नावे पडते. काडतूस उडालं, जमेला कातडं आलं. मग नावे काय पडलं? ते पान शिकारकथेत फाडलेलं असतं.

एक नोंद देतो. १९४७ साल. छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानचे महाराज रात्री मोटारीतून जात होते. उजेडात तीन चित्ते दिसले. पहिल्या गोळीनं एक पडला. दुसरी गोळी दुसऱ्याच्या अंगातून पार होऊन मागच्या तिसऱ्याला लागली, तोही पडला. दोन काडतुसांत तीन चित्ते! काटकसरीच्या दृष्टीनं बघाल तर बक्षीस द्यावं असा व्यवहार. हा वृत्तान्त छापायला मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीकडे गेला, तेव्हा संपादकांना तो केराच्या टोपलीत टाकावासा वाटला. शेवटी त्यांनी छापला तो कौतुक म्हणून नव्हे, ठपका म्हणून. कारण हिंदुस्थानातल्या चित्त्याची ही जवळजवळ शेवटची खात्रीची नोंद. १९५२ मध्ये सरकारनं चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केलं.

आता नावे बाजू बघा. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून विमानानं आठ चित्ते आणून कुनोच्या जंगलात सोडले. पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आणले. विमान आलं, डॉक्टर आले, गळ्यातले पट्टे आले, कुंपणं आली, पंतप्रधान आले. चित्ते संपायला ती दोन काडतुसंच कारण झाली, असं मी म्हणत नाही. राजेलोकांनी शिकारीसाठी चित्ते पकडून पाळण्याची हौस शतकानुशतकं केली होती आणि माळरानंही नांगराखाली गेली होती. आपल्याकडे तर कोल्हापूर संस्थानानं काळविटाच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवले होते. आपले संपले म्हणून परदेशातून मागवायचे, ही आपली परंपरा जुनीच आहे! पण 'दोन काडतुसांचं काम' म्हणजे किती रकमेचं काम असतं, याचा अंदाज तुम्हांला यावा. पंचाहत्तर वर्षांनी वसुली आली, तीही व्याजासकट, आणि ती भरली महाराजांनी नव्हे. तुम्ही-आम्ही भरली.

लांब कशाला जा? आमच्याच जिल्ह्याची खतावणी उघडा. कर्जत-श्रीगोंद्याचा माळ. या माळावर माळढोक होता. उभा राहिला की लहान पोराएवढा, नर पंधरा किलोपर्यंत भरायचा, आणि इतका मोठा असूनही उडायचा. सालिम अलींना हाच आपला राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं. तो मान १९६३ मध्ये मोराला मिळाला. माळढोकाचा गुन्हा एवढाच की तो उघड्या माळावर राहायचा, जीपनं जवळ जाता यायचं आणि मांस भरपूर निघायचं. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर मिळून त्याच्यासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. लोकांच्या घरांवर, शेतांवर, एस.टी. स्टँडवर अभयारण्य! पुढं ते आक्रसत बाराशेच्या आसपास आलं. पक्षी त्याहून वेगानं आक्रसला. आणि काळवीट? जो एके काळी दख्खनच्या माळावर कळपांनी उड्या मारत होता, त्याच्यासाठी १९८० मध्ये कर्जतजवळ रेहेकुरीला अभयारण्य झालं. क्षेत्र किती, तर २.१७ चौरस किलोमीटर. मी आकडा दोनदा तपासला. सव्वादोनसुद्धा नाही. अख्ख्या माळाचा मालक आज वन-रूम-किचनमध्ये भाडेकरू आहे. ही आमची नावे बाजू. यातली किती रक्कम नांगराची आणि किती काडतुसाची, याची वाटणी करत बसायला हरकत नाही. पण काडतुसाच्या खात्यावर शून्य लिहू देणार नाही.

इथं मामा जिम कॉर्बेटला साक्षीला बोलावतात. जरूर बोलवा. १९०७ साली कॉर्बेटनं चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर चारशे छत्तीस माणसं होती. ते काम करायलाच हवं होतं, आणि ते त्यानं पायी हिंडून केलं. परंतु कॉर्बेटच्या गोष्टी पुन्हा नीट वाचा. त्यात चाप ओढायला किती ओळी आहेत आणि माग काढायला किती पानं आहेत, मोजा. कुठलं जनावर, कुठला पंजा, जखम जुनी की नवी, तेच हे की दुसरं, याची खात्री करण्यात त्याचे आठवडे गेले आहेत. म्हणजे थोडक्यात, कॉर्बेट हा उत्तम कारकून होता! आणि पुढं त्यानं काय केलं? बंदूक खाली ठेवून कॅमेरा उचलला. १९३६ साली झालेल्या देशातल्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला आज त्याचं नाव आहे. मामांना त्याची रायफल दिसते, वही दिसत नाही.

वहीवरून सांगतो. काडतुसाचा खरा आदर करणारा माणूस मी रोज बघतो. आमच्या शाखेच्या दारात बसणारा गार्ड. फौजेतून निवृत्त झालेला. कमरेच्या पट्ट्यात बारा बोअरची काडतुसं. पितळी बुडं रोज पुसलेली. ड्युटीवर आला की मोजतो, जाताना मोजतो, रजिस्टरात लिहितो, सही करतो. एकदा कोणीतरी त्याला विचारलं, "काय हो, यातलं एखादं उडवलं का कधी?" तो म्हणाला, "साहेब, उडालं तर लिहावं लागतं. का उडालं, कुणावर उडालं, सगळं लिहावं लागतं." मला हे वाक्य कुठल्याही शिकारकथेपेक्षा मोठं वाटतं. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तेव्हा कपाळाला आठ्या घालणाऱ्या बागायतदारांनी हे वाक्य फ्रेम करून लावावं.

आता मूळ मुद्द्यावर, म्हणजे उसातल्या बिबट्यावर येतो. शिकारी संपले म्हणून बिबट्या आला, असं मामा म्हणतात. साहेब, बिबट्या आला ऊस आला म्हणून! १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मग जिल्हाभर धुराडी उभी राहिली, पाट आले, माळावर हिरवं रान उभं राहिलं. बाराही महिने पाणी, माणसाच्या डोक्याएवढं उंच लपण आणि वस्तीवर कुत्री, डुकरं, शेळ्या. आम्ही त्याला जंगल बांधून दिलं आणि आता म्हणतो, हा इथं कसा? अकोले खोऱ्यात विद्या अत्रेय यांनी कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे निघाले. जंगलात नव्हे, शेतात. त्यांच्या जेवणाच्या ताटात पहिला मान गावच्या कुत्र्यांचा. म्हणजे रोज रात्री हे शेजारी आपल्या बांधावरून जातात आणि आपल्याला पत्ता नसतो.

तेवढ्यानं ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घराचं समाधान होत नाही, हे मला कळतं. त्या आईसमोर उभं राहून मी आकडे सांगणार नाही. तिला संरक्षण हवं, रात्रीऐवजी दिवसा वीज हवी, दाराशी उजेड हवा, वस्तीला कुंपण हवं, मदत वेळेवर हवी. आणि जो बिबट्या खरोखर माणसांवर चटावला आहे असं ठरेल, त्याच्यासाठी १९७२ च्या कायद्यात वाट आहे. वन्यजीव खात्याचा मुख्य अधिकारी लेखी आदेश देऊन त्याला मारायला सांगू शकतो. माझा त्याला विरोध नाही. माझा विरोध आहे तो 'लेखी' हा शब्द गाळण्याला.

कारण बिबटे काही पाटी लावून फिरत नाहीत. अंधारात उसाच्या कडेला जे डोळे चमकतात ते 'त्याचेच' कशावरून? तुम्ही भलताच मारला तर खरा तसाच राहतो, वर मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरा परगावचा बिबट्या बदली होऊन येतो, आणि त्याला या गावच्या रीतीभाती ठाऊक नसतात. जुन्नरकडे धरून दुसरीकडे नेऊन सोडलेल्या बिबट्यांचा हिशोब अभ्यासकांनी मांडला तेव्हा असंच दिसलं. बिबटे हलवल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. आणि हलवून तरी ते राहतात कुठं? २००९ मध्ये आमच्या पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला. अभ्यासकांनी त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं. आजोबा सव्वाशेएक किलोमीटर चालत, रस्ते, रूळ आणि खाडी ओलांडत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचले. वाटेत त्यांनी एकाही माणसाला हात लावला नाही. २०११ मध्ये हमरस्त्यावर गाडीखाली गेले. काडतुसाशिवाय! आता हेच आजोबा त्या वाटेत कुठं बांधावर दिसले असते, आणि आमच्या मामांच्या हाती दोन 'शक्तिमान' असते, तर? एक शिकारकथा तेवढी वाढली असती, आणि कोणाचंही संकट टळलं नसतं.

म्हणून मामांना माझं सांगणं स्पष्ट आहे. आम्ही बँकेत पाचशे रुपयांचा चेकसुद्धा सही जुळल्याशिवाय पास करत नाही. समोर गिऱ्हाईक ओरडत असतं, घड्याळाकडे बोट दाखवत असतं, वरिष्ठांकडे जाईन म्हणत असतं. तरी आम्ही आत जाऊन कार्ड काढतो आणि सही ताडून बघतो. लोक त्याला कारकुंडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे. चुकीचा चेक पास झाला तर निदान उलटी नोंद तरी करता येते. उडालेल्या काडतुसाची उलटी नोंद अजून कुठल्याही कारखान्यानं काढलेली नाही. पॉलीनं काढली नाही, बॉक्सरनं काढली नाही, खडकीच्या कारखान्यानंही काढली नाही. दोन काडतुसांचं काम आहे, हे खरंच आहे मामा. पण ते काम करायच्या आधी दोन रजिस्टरांचं काम आहे, आणि ते केल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही.